पासष्टाव्या वर्षी कोसबाडच्या टेकडीवर : ताराबाई मोडक आणि अंगणवाडीचा जन्म

१/ दिवाळीच्या आसपास बीड जिल्ह्यातील केज तालुक्यातून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात. कर्ती जोडपी पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. अनेक घरांत मागे उरतात म्हातारी माणसे, काही नातवंडे आणि दावणीची जनावरे. पुढचे काही महिने घर आजीच्या हाती असते आणि धाकट्या नातवंडांची सकाळ गावच्या अंगणवाडीत जाते.

२/ ‘अंगणवाडी’ हा शब्द आज सरकारी वाटतो. परंतु तो मंत्रालयात जन्मला नाही. केजपासून शेकडो किलोमीटर दूर, डहाणूच्या किनारी भागात तो घडला. त्यामागे होत्या पन्नाशी ओलांडलेल्या ताराबाई मोडक. हा धागा त्यांच्या उत्तरायुष्याविषयी आहे.

३/ ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी झाला. माहेर केळकरांचे, प्रार्थना समाजाच्या सुधारकी वळणाचे. १९१४ साली त्यांनी मुंबईत पदवी मिळवली. पुढे अमरावतीचे वकील कृष्णराव मोडक यांच्याशी विवाह झाला. तो टिकला नाही. पतीपासून विभक्त झालेल्या स्त्रीला समाजात फारशी जागा नसण्याचा तो काळ. ताराबाई राजकोटला गेल्या आणि तेथील स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य झाल्या.

४/ १९२३ साली त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात दाखल झाल्या. मारिया माँटेसरी यांची पद्धत भारतीय घरांना आणि भारतीय मुलांना मानवेल अशी घडवणे, हे दोघांचे काम. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू झाले. छडीवाचून शिकता येते, हे मराठी मध्यमवर्गाला तेथे प्रत्यक्ष दिसले.

५/ येथेच त्यांचे चरित्र संपले असते, तरी ते कृतार्थ ठरले असते. नाव होते, संस्था होती, शिष्यवर्ग होता. परंतु एक प्रश्न सुटत नव्हता. माँटेसरीची साधने महाग, आणि शिशुविहारात येणारी मुले मुख्यतः सुस्थित घरांतली. ज्या मुलाच्या घरी दोन वेळच्या भाकरीची शाश्वती नाही, त्याच्यासाठी या शास्त्रात काय होते?

६/ उत्तर शोधण्यासाठी २४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू झाले. ताराबाई तेव्हा त्रेपन्न वर्षांच्या होत्या. त्याच वर्षी या पट्ट्यात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता. गोदावरी परुळेकर त्याचे नेतृत्व करीत होत्या. ताराबाईंच्या सोबतीला आल्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ, बालपणीच विधवा झालेल्या आणि पुण्यात शिक्षिका असलेल्या.

७/ पहिला धडा शिक्षिकांनाच मिळाला. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतील मुले तेथे टिकेनात. कुणाला धाकटे भावंड सांभाळायचे होते, कुणाला गुरे राखायची होती. अनेकांना शाळा ही वस्तूच परकी होती. मूल शाळेत येत नसेल, तर शाळेने मुलाकडे जावे, असा निर्णय झाला. शिक्षिका वस्तीवर जाऊन एखाद्या घराच्या अंगणात मुले जमवू लागल्या. तीच अंगणवाडी.

८/ साधनेही बदलली. बिया, शंख-शिंपले, खडे, पाने, फुले यांतून मोजणी, रंग आणि आकार शिकवले जाऊ लागले. आधी मुलांना आंघोळ, केस विंचरणे, नखे कापणे. मग गाणी, गोष्टी, खेळ. वीस वर्षे जोपासलेल्या पद्धतीतले खर्चिक सारे बाजूला ठेवून तिचा गाभा तेवढा त्यांनी सोबत घेतला.

९/ १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या अधिक जवळ गेले. ताराबाईंचे वय पासष्ट. तेथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र गुंफणारी ‘विकासवाडी’ उभी राहिली. गुराख्यांच्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली : गुरे चरत असताना कुरणातच शाळा. १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, तेव्हा त्या सत्तरीच्या उंबरठ्यावर होत्या.

१०/ ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणणाऱ्या समाजात हे उदाहरण नीट पाहायला हवे. ताराबाईंनी म्हातारपणी जुन्याच कामाची उजळणी केली नाही. आपल्याच यशाची मर्यादा ओळखून त्यांनी ते मोडून पुन्हा बांधले. तरुण शिक्षकाला पद्धत सिद्ध करावी लागते. ती सिद्ध करून झालेल्या माणसालाच ती निर्भयपणे बदलता येते. वयाने त्यांना दिले ते हे स्वातंत्र्य.

११/ दुसरी गोष्ट वारशाची. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी ताराबाई गेल्या, तेव्हा अनुताई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. म्हणजे वारसदारही निवृत्तीच्या वयाची! अनुताईंनी पुढची एकोणीस वर्षे, २७ सप्टेंबर १९९२ रोजी निधन होईपर्यंत, हे कार्य वाहिले. एका स्त्रीच्या उत्तरायुष्याला दुसरीच्या उत्तरायुष्याने जोड दिली.

१२/ २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळाले ‘अंगणवाडी’. पोषण आणि लसीकरणाची जबाबदारी जोडली गेली आणि तो शब्द देशभर पसरला. तो पाहायला ताराबाई नव्हत्या.

१३/ केजच्या गावात नातवंडाचे बोट धरून अंगणवाडीच्या दारापर्यंत जाणाऱ्या आजीला हे नाव ठाऊक असेलच असे नाही. पण तिच्या कष्टाला ‘मदत’ म्हणण्याची सवय या इतिहासापुढे टिकत नाही. मूल सांभाळणे हे गंभीर, बुद्धीचे काम आहे, हेच तर ताराबाईंनी आयुष्यभर मांडले.

१४/ आणि ताराबाईंचा प्रश्नही अजून जिवंत आहे. आईबापांसोबत उसाच्या फडावर गेलेल्या मुलापर्यंत शाळा पोहोचते का? कुरणात शाळा भरवणाऱ्या पासष्टीतल्या बाईंनी याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे : मूल जिथे असेल तिथे जा.