आकारणी कुणाची, भार कुणावर?

घरपट्टीच्या नोटिसा आल्या की आमच्या मोहल्ल्यातले दोघे-तिघे तरी ती वाचून घ्यायला माझ्याकडे येतात. यंदा एक चाचा म्हणाले, "सर, घर तेच, भिंती त्याच, मग रक्कम कशी वाढली?" नोटिशीत 'करयोग्य मूल्य' असा शब्द होता. तो समजावून सांगता सांगता माझ्या लक्षात आले की, चाचांचा प्रश्न फार जुना आहे आणि फार दूरवर विचारला गेलेला आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्यात याच प्रश्नाने सगळा कारभार हलवून सोडला होता.

कॅलिफोर्नियात 58 काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. फरक एवढाच की, तिथे वरून नेमलेला जिल्हाधिकारी नसतो. बहुतेक काउंट्यांत लोकांनी निवडून दिलेले पाच सुपरवायझर कारभार पाहतात. तुरुंग, गरिबांचे दवाखाने, निराधारांची मदत, मतदानाची व्यवस्था, जन्म-मृत्यूच्या नोंदी, ग्रंथालये अशी कामे काउंटीकडे असतात. घराची किंमत ठरवणारा अधिकारी, म्हणजे असेसर, हाही मते मागून निवडून येतो. खरी गोम इथेच आहे.

मत हवे असेल तर मतदाराच्या घराची आकारणी कमी ठेवावी, हे असेसरला कळत होते. अनेक ठिकाणी घरांवर हलका आणि व्यापारी मालमत्तांवर जड हात अशी रीत पडली होती. यातूनच भ्रष्टाचाराला वाट मिळाली. 1960च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोचा असेसर रसेल वोल्डन लाचखोरीत सापडला आणि 1966 साली दोषी ठरला. त्याच सुमारास राज्याने कायदा केला की, सर्व मालमत्तांची आकारणी बाजारभावाच्या एकाच प्रमाणात, 25 टक्क्यांवर, झाली पाहिजे. न्यायाच्या दृष्टीने यात खोट काढण्यासारखे काही नव्हते. परंतु जी सवलत आजवर गुपचूप मिळत होती ती गेली, आणि तिचा फटका सामान्य घरमालकाला बसला.

पुढे 1970च्या दशकात घरांच्या किमती भडकल्या. आता असेसर प्रामाणिकपणे वाढत्या किमतीवर आकारणी करू लागले. पेन्शनवर जगणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचे उत्पन्न तेवढेच, घर तेच, पण कराचे बिल दुप्पट! कागदावर तो श्रीमंत झाला होता, खिशात मात्र काही आले नव्हते. दुसरीकडे राज्याच्या तिजोरीत अब्जावधी डॉलर शिल्लक पडून होते, तरी सरकार दिलासा देईना.

हा राग हॉवर्ड जार्व्हिस आणि पॉल गॅन या दोघांनी संघटित केला. 6 जून 1978 रोजी 'प्रपोझिशन 13' या प्रस्तावावर जनमत घेतले गेले आणि सुमारे 65 टक्के मतांनी तो मंजूर झाला. तरतुदी सोप्या होत्या. मालमत्ता कर किमतीच्या 1 टक्क्याहून अधिक नको. किंमत 1975-76ची धरायची. दरवर्षी ती फार तर 2 टक्के वाढवायची. घर विकले गेले की नव्या बाजारभावाने आकारणी करायची.

जुन्या घरमालकांनी सुटकेचा श्वास सोडला. पण मालमत्ता कराचे उत्पन्न एका फटक्यात निम्म्याहून खाली आले. राज्याने शिलकीतून मदत दिली. मात्र पैसा ज्याच्या हातातून येतो, हुकूमही त्याचाच चालतो. दवाखाना काउंटीने चालवायचा आणि निधीसाठी राजधानीकडे बघायचे, अशी गत झाली. उत्पन्नाच्या अशाच ओढाताणीत ऑरेंज काउंटीचा खजिनदार रॉबर्ट सिट्रन कर्जाऊ पैशांवर व्याजदरांचा जुगार खेळला. 1994 साली व्याजदर चढले, दीड अब्ज डॉलरहून अधिक रक्कम बुडाली आणि त्या सधन काउंटीने डिसेंबरात दिवाळखोरी जाहीर केली.

दुसरा परिणाम अधिक खोल होता. स्टेफनी नॉर्डलिंगर भाड्याच्या घरात राहत होत्या. 1988 साली त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये 1,70,000 डॉलरला साधे घर घेतले. त्यांना 1975पासूनच्या शेजाऱ्यांपेक्षा सुमारे पाचपट कर आला. मालिबूच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या 21 लाख डॉलरच्या बंगल्याचा जुना मालक जेवढा कर भरत होता, जवळपास तेवढाच! त्या न्यायालयात गेल्या. 1992 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी हा भेद घटनेला धरूनच आहे, असा निकाल दिला. व्यापारी मालमत्तांना तरी बाजारभावाने कर लावावा, हा प्रस्ताव 2020 साली थोडक्या मतांनी पडला.

हे वाचून आपण हसू नये. मुंबईत 2010पर्यंत घरपट्टी भाड्याच्या हिशेबावर ठरत असे आणि 1947च्या भाडे नियंत्रण कायद्याने जुनी भाडी गोठलेली होती. त्यामुळे शहराच्या महागड्या भागातल्या जुन्या इमारतींना कमी आणि उपनगरातल्या नव्या घरांना जास्त कर, असे चित्र होते. नंतर भांडवली मूल्याची पद्धत आली आणि 2022 साली 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना कर माफ झाला. लहान घराला दिलासा द्यायचा असेल तर तो असा उघडपणे, ठराव करून देता येतो. त्यासाठी आकारणी खोटी करावी लागत नाही.

महसूल, तहसील, जमाबंदी, दफ्तर हे शब्द अरबी-फारसीतून मराठीत आले आणि इथलेच झाले. या मातीत मलिक अंबरने जमिनीचा कस पाहून सारा ठरवला, ही आठवण आजही सांगितली जाते. कस पाहायचा म्हणजे जमिनीबरोबर कसणाऱ्याची ऐपतही पाहायची. कॅलिफोर्नियात आधी ऐपत पाहिली गेली नाही, आणि नंतर कसही पाहायचे सोडून दिले.

चाचांना मी एवढेच म्हणालो, "नोटिशीवर हरकत घ्यायची मुदत लिहिलेली आहे. मोजमाप तपासू या, चुकले असेल तर अर्ज करू. बरोबर असेल तर भरू, आणि मग गल्लीतल्या गटारीचा जाबही विचारू." अर्ज मी लिहून दिला. सही मात्र त्यांनी स्वतः केली, उर्दूत.