पक्षी कोणाचे? शिकाऱ्यांच्या बचावातून घडलेला कायदा

शिकारीचा कायदा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे बंदी, दंड आणि वनरक्षक उभा राहतो. आज मात्र आपण हा विषय आरोपीच्या पिंजऱ्यातून बघणार आहोत. पकडल्या गेलेल्या शिकाऱ्याने कोर्टात काय बचाव मांडला, आणि त्या बचावाने कायदा कसा बदलत गेला? त्यासाठी आपण अमेरिकेचा इतिहास घेऊ.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे पक्षी बाजारासाठी मारले जात होते. बदके हॉटेलांकडे जात, बगळ्यांची पिसे बायकांच्या टोप्यांवर जात. ज्यांचे थवे आकाश झाकून टाकत, त्या प्रवासी कबुतरांपैकी शेवटची मादी, मार्था, 1 सप्टेंबर 1914 रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेली. तोवर शिकारीचे नियम करणे हे मुख्यतः राज्यांचे काम होते. 1896 साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की राज्यातली वन्य जनावरे आणि पक्षी राज्यातल्या जनतेचे, आणि राज्य सरकार त्यांचे विश्वस्त. ऐकायला ठीक आहे. पण बदक काही राज्याची हद्द बघून उडत नाही! एका राज्याने वसंतातली शिकार बंद करावी आणि शेजारच्याने तेच थवे टिपावेत, असे चालले होते.

म्हणून 1913 साली केंद्राने शेतीखात्याच्या खर्चाच्या विधेयकाला जोडून एक कायदा केला. स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीचा हंगाम आता केंद्र ठरवणार होते. लगेच खटले उभे राहिले. आर्कान्सामध्ये एका शिकाऱ्यावर कूट मारल्याचा आरोप आला. कूट म्हणजे आपल्याकडे ज्याला वारकरी किंवा चांदवा म्हणतात, त्याचा अमेरिकी भाऊबंद. ‘मी मारले नाहीत’ असा त्याचा बचाव नव्हताच. त्याचे म्हणणे वेगळे होते: पक्षी राज्याचे आहेत, तेव्हा केंद्राला हा कायदा करण्याचा अधिकारच नाही. 1914 साली जिल्हा न्यायालयाने ते मान्य केले आणि कायदा घटनाबाह्य ठरवला. पुढच्या वर्षी कॅन्ससमध्येही तसेच झाले.

आता केंद्राने काय करावे? सरकार अपिलात गेले, पण निकालाची वाट बघत बसले नाही. एलिहू रूट या सिनेटरांनी आधीच एक वाट सुचवली होती, ती म्हणजे परराष्ट्र कराराची. करार करणे हा निर्विवादपणे केंद्राचा अधिकार. 16 ऑगस्ट 1916 रोजी अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात स्थलांतरित पक्ष्यांचा करार झाला. ब्रिटन अशासाठी, की कॅनडाच्या वतीने तेव्हा ब्रिटन सही करत असे. तो करार अमलात आणण्यासाठी 3 जुलै 1918 चा कायदा आला. मोडणाऱ्याला 500 डॉलरपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद.

या वेळी मिझुरी राज्यच कोर्टात उतरले. रे हॉलंड हे केंद्राचे शिकार-निरीक्षक. त्यांनी कायदा राबवू नये, अशी राज्याची मागणी होती. गंमत बघा, याच हॉलंड यांनी त्या सुमारास खुद्द राज्याच्या महाधिवक्त्याला बदकांच्या शिकारीत पकडले होते! 19 एप्रिल 1920 रोजी सात विरुद्ध दोन मतांनी राज्य हरले. न्यायमूर्ती होम्स यांचा युक्तिवाद साधा होता. मालकी ताब्यापासून सुरू होते, आणि उडता पक्षी कोणाच्याच ताब्यात नसतो. काल तो राज्यात आलाही नव्हता, उद्या दुसरीकडे असेल. करार आणि कायदा नसता तर राज्याच्या हक्कासाठी पक्षीच उरले नसते.

‘अधिकारच नाही’ हा बचाव संपला. मग पुढे आला तो ‘मला माहीत नव्हते’. 1935 पासून दाणे टाकून पक्षी ओढण्यावर बंदी आली. कोणी दुसऱ्याने दाणे टाकलेले, शिकारी मात्र अनभिज्ञ. तो दोषी का? बहुतेक न्यायालये म्हणत, हेतू बघायचा नाही, दाण्यावर मारलेत म्हणजे दोषी. 1978 साली पाचव्या विभागाच्या अपील न्यायालयाने वेगळे मत दिले: नीट बघितले असते तर दाणे कळले असते, एवढे तरी सरकारने सिद्ध करावे. वीस वर्षांनी, 1998 साली, काँग्रेसने हीच कसोटी कायद्यातच घातली. शिकाऱ्याला माहीत होते का, किंवा माहीत असायला हवे होते का? आणि दाणे टाकणे हा वेगळा गुन्हा केला.

आपल्याकडेही ‘पक्षी कोणाचे’ हा प्रश्न होताच. वन्य पशुपक्ष्यांचे संरक्षण राज्यसूचीत होते, म्हणून 1972 चा वन्यजीव कायदा काही राज्यांच्या ठरावांच्या आधारे संसदेने केला. 1976 मध्ये विषय समवर्ती सूचीत आला. आणि जी गोष्ट मिझुरीच्या खटल्यात वादाची होती, ती आपल्या घटनेच्या कलम 253 मध्ये सरळ लिहिलेली आहे: करार अमलात आणण्यासाठी संसद राज्याच्या विषयावरही कायदा करू शकते.

तेव्हा मंडळी, शिकाऱ्याचा बचाव म्हणजे नुसती पळवाट असे समजू नका. एका बचावाने केंद्राला करारापर्यंत नेले, दुसऱ्याने निरपराधाला वाट दिली. पक्ष्यांना कडक कायदा हवा, हे खरेच. पण तो टिकतो कधी? आरोपीच्या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर असते, तेव्हा.