बहात्तरचा दुष्काळ आणि पेरूचा समुद्र

जालना जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांत जुनी माणसं आजही वयाचा हिशेब बहात्तरवरून लावतात. कुणाचं लग्न दुष्काळाच्या आदल्या उन्हाळ्यातलं, कुणी त्या साली मायच्या कडेवर बसून कामावर गेलेलं. तेव्हा जालना हा जिल्हा नव्हता, औरंगाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा झाला तो 1 मे 1981 रोजी. पण दुष्काळाची आठवण जिल्ह्यापेक्षा जुनी आहे आणि तिचा अर्धा इतिहास जालन्यापासून हजारो मैलांवर, प्रशांत महासागराच्या पलीकडच्या काठावर घडला आहे.

आधी अलीकडची बाजू. 1970 पासून पाऊस हात आखडत होता. 1972 मध्ये देशभरातला मोसमी पाऊस सरासरीपेक्षा सुमारे 24 टक्क्यांनी कमी पडला आणि मराठवाड्याचं कंबरडं मोडलं. खरीप करपलं, रब्बीची पेरणीच झाली नाही, जनावरं मिळेल त्या भावानं बाजारात गेली. सरकारनं दुष्काळी कामं काढली: रस्ते, पाझर तलाव, नाला बंडिंग, खडी फोडणं. दगडाच्या ढिगाशी बाईमाणूस दिवसभर हातोडा घेऊन बसे. फोडलेली खडी चौकोनात रचून तिचं माप घेतलं जाई, ब्रासवर मजुरी ठरे आणि मस्टरवर अंगठा उठे. पोरांच्या हातावर सुकडी पडे. घरी अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोची भाकरी थापली जाई. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रभर अशा कामांवर जवळपास 50 लाख माणसं राबत होती. याच अनुभवातून रोजगार हमी योजना उभी राहिली. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तिचा पाठपुरावा केला आणि 1977 मध्ये विधिमंडळानं तिचा कायदा केला.

जालन्यानं त्या काळात जगाला आणखी एक गोष्ट दिली. इथल्या स्कॉटिश मिशनच्या पाणी प्रकल्पात 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून कठीण बेसॉल्टमध्ये बोअर घेतले जात होते. बोअर लागत, पण बिडाचे घरगुती हापसे गावाच्या गर्दीपुढे टिकत नसत. एका कुटुंबासाठी बनवलेला हापसा पहाटेपासून रात्रीपर्यंत शेकडो हात ओढत. तेव्हा इथे पोलादी दांड्याचा, एकाच खिळीवर फिरणारा मजबूत हापसा तयार झाला. त्याला ‘जालना पंप’ म्हणत. पुढे सोलापुरात त्यात सुधारणा झाली आणि युनिसेफच्या पुढाकारानं 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘इंडिया मार्क टू’ आला. आफ्रिकेतल्या गावांत आज दिसणाऱ्या कित्येक हापशांचं मूळ असं जालन्यात सापडतं.

आता पलीकडची बाजू. त्याच 1972 मध्ये पेरूच्या किनाऱ्यावर समुद्र तापला होता.

एरवी तो समुद्र थंड असतो. दक्षिणेकडून हंबोल्ट प्रवाह येतो. शिवाय वारे पृष्ठभागावरचं कोमट पाणी पश्चिमेला, इंडोनेशियाकडे लोटत राहतात आणि त्याच्या जागी खोलातलं थंड, क्षारांनी समृद्ध पाणी वर येतं. त्यावर सूक्ष्म वनस्पती पोसतात आणि त्यांच्या जोरावर अँकोव्हेटाचे अफाट थवे. हा बोटभर लांबीचा मासा आपल्या मांदेलीच्या कुळातला. 1970 मध्ये पेरूनं तो एक कोटी वीस लाख टनांहून अधिक पकडला. जगात दुसऱ्या कुठल्याही एका जातीच्या माशाची एवढी मासेमारी होत नव्हती. 1972 मध्ये वारे मंदावले, कोमट पाणी पूर्वेला परतलं, खोलातलं अन्न वर येईना. त्यात आधीच्या बेसुमार मासेमारीची भर पडली. 1973 मध्ये हाती लागलेला मासा वीस लाख टनांच्याही खाली आला. किनाऱ्यावरचे पाणकावळे, बूबी, पेलिकन लाखोंनी उपाशी मेले.

पेरूचे मच्छीमार नाताळच्या सुमारास येणाऱ्या या कोमट पाण्याला एल निनो म्हणत आले आहेत. तिथलं पाणी तापलं की आकाशात चढणाऱ्या हवेची जागा प्रशांत महासागराच्या मध्याकडे सरकते आणि इंडोनेशिया-भारताच्या बाजूला हवा खाली उतरू लागते. उतरत्या हवेत ढग धरत नाहीत. जालन्यातल्या अंबड-भोकरदनच्या कोरड्या शेताचा आणि पेरूच्या रिकाम्या जाळ्याचा संबंध हा असा आहे.

या समुद्रात घर करून राहिलेला जीव म्हणजे हंबोल्ट पेंग्विन. पेंग्विन म्हटलं की बर्फ डोळ्यांपुढे येतो, पण हा राहतो पेरू आणि चिलीच्या वाळवंटी किनाऱ्यावर. तो बहुतेक वेळा तीसेक मीटरच्या आतच बुडी मारतो आणि पिल्लं असताना घरट्यापासून फार लांब जात नाही. मादी दोन अंडी घालते. नर आणि मादी सुमारे चाळीस दिवस पाळीपाळीनं ती उबवतात: एक बिळात, दुसरा समुद्रावर. सगळं गणित जवळ आणि उथळ मिळणाऱ्या माशावर बेतलेलं आहे. पाणी तापून मासा खोल गेला किंवा दक्षिणेला सरकला की समुद्रावर गेलेला जोडीदार वेळेत परतत नाही. बिळातला भुकेनं खंगतो आणि शेवटी अंडी सोडून उठतो. त्यातच एल निनोच्या वर्षी त्या वाळवंटावर पाऊस कोसळतो. जालन्यात हवा असलेला पाऊस तिथे नको तेव्हा येतो आणि बिळांत पाणी शिरून अंडी-पिल्लं बुडतात. 1982-83 च्या एल निनोत पेरूमधल्या हंबोल्ट पेंग्विनांची संख्या सुमारे 65 टक्क्यांनी घटली. 1982 चा मोसमी पाऊसही भारतात तुटीचाच होता.

पेंग्विनांची बिळं त्याआधीच माणसानं उकरून नेली होती. पेरूच्या चिंचा बेटांवर पक्ष्यांच्या विष्ठेचे, म्हणजे ग्वानोचे, हजारो वर्षांचे थर होते, काही ठिकाणी चाळीस मीटरहून जाड. त्याच मऊ थरात पेंग्विन बीळ खोदत. 1840 ते 1880 या काळात हे खत जहाजं भरभरून युरोप-अमेरिकेच्या शेतांवर गेलं. चीनमधून आणलेल्या मजुरांनी भीषण हालात ते खणलं. खाली उघडा खडक उरला, तसे पेंग्विन कपारींत आणि उघड्यावर अंडी घालू लागले, जिथे ऊन, गल पक्षी आणि पाऊस तिघांचीही भीती.

पेरूचा समुद्र आणि भारतातला पाऊस यांचा दुवा जुळवायला सुरुवात झाली ती भारतातल्याच दुष्काळांमुळे. 1876-78 चा दुष्काळ निजामाच्या मुलखासह सगळ्या दख्खनवर कोसळला. 1899 ला पुन्हा तेच. 1904 मध्ये केंब्रिजचे गणिती गिल्बर्ट वॉकर भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले आणि मोसमी पावसाचा अंदाज बांधण्यासाठी जगभरच्या नोंदी पडताळू लागले. हिंदी महासागर आणि प्रशांत महासागर यांवरचा हवेचा दाब मोंढ्यातल्या तराजूच्या दोन पारड्यांसारखा वरखाली होतो, हे त्यांना आकड्यांत दिसलं. समुद्राच्या तापमानाशी त्याची सांगड 1960 च्या दशकात हवामानशास्त्रज्ञ जेकब बर्कनेस यांनी घातली. म्हणजे बहात्तर साल उजाडलं तेव्हा शास्त्र तयार होतं, पण ते पेरणीपूर्वी शेतकऱ्यापर्यंत पोचण्याची वाट नव्हती.

मराठी माणसानं हा पेंग्विन समोर पाहिला तो मुंबईत. जुलै 2016 मध्ये भायखळ्याच्या राणीच्या बागेत दक्षिण कोरियातून आठ हंबोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यातला एक त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दगावला. 15 ऑगस्ट 2018 रोजी तिथे पहिलं पिल्लू जन्मलं, पण आठवडाभरात गेलं. 2021 पासून मात्र तिथे जन्मलेली पिल्लं वाढली. यंत्रानं थंड ठेवलेलं पाणी आणि वेळेवर हातात मिळणारा मासा, यांच्या जोरावर ही वीण टिकली आहे. मूळ किनाऱ्यावर या दोन्ही गोष्टी समुद्राच्या मर्जीवर आहेत.

अर्थात प्रत्येक एल निनो जालन्याला दुष्काळ देत नाही. 1997 चा एल निनो शतकातल्या सर्वांत तीव्रांपैकी एक, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला, कारण हिंदी महासागरानं बाजू सावरली. उलट 2012 मध्ये ठळक एल निनो नसतानाही जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळून सरपणाला गेल्या. 2015 ला मात्र एल निनो आणि दुष्काळ यांची जोडी पुन्हा जुळली. मराठवाड्यात पाऊस सुमारे 40 टक्के कमी पडला.

2023 ला तेच चित्र. पेरूनं अँकोव्हेटाचा पहिला हंगामच रद्द केला. बर्ड फ्लूनंही घेरलेल्या चिलीच्या किनाऱ्यावर हजाराहून अधिक हंबोल्ट पेंग्विन मेले. भारतात 1901 नंतरचा सर्वांत कोरडा ऑगस्ट गेला आणि 31 ऑक्टोबरला राज्यानं जाहीर केलेल्या 40 दुष्काळी तालुक्यांत जालना, बदनापूर, अंबड, भोकरदन आणि मंठा होते. फरक एवढा की या वेळी एप्रिलमध्येच हवामान खात्याच्या अंदाजात प्रशांत महासागर तापण्याची शक्यता नोंदवलेली होती. पेरूच्या बेटांवर पेंग्विन अंडी घालायला लागतात आणि जालन्याच्या बाजारात बियाण्याच्या पिशव्या येऊ लागतात, ते हेच दिवस. दुबार पेरणी टाळायची, तूर किती लावायची, मोसंबीसाठी शेततळ्यात किती पाणी राखायचं, हे ठरवायला शेतकऱ्याला तेव्हा महिना-दीड महिना हाताशी असतो. बहात्तरच्या पिढीला तेवढाही मिळाला नव्हता.