चूल कोणाची? गिरणगावचा गाळा आणि गोवेकरांची कूड

मराठी वाङ्मयातील चाळ ही प्रामुख्याने बिऱ्हाडकरूंची चाळ आहे. १९५८ साली पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’ प्रसिद्ध झाली आणि शेजार, गॅलरी, नळावरची भांडणे यांनी गजबजलेले हे चित्र वाचकाच्या मनात कायमचे ठसले. जनगणनेचे आकडे मात्र निराळीच मुंबई दाखवितात. १९२१ साली तेथे दर हजार पुरुषांमागे ५२५ स्त्रिया होत्या, आणि शहरात जन्मलेल्यांचे प्रमाण शेकडा सोळाच्या आसपास होते. बायकापोरांना गावी ठेवून आलेल्या पुरुषांचे हे शहर होते. ते निजत कोठे, हे अभ्यासकांनी बरेच नोंदविले आहे. त्यांच्यासाठी रांधत कोण होते, हा प्रश्न त्या मानाने कमी विचारला गेला.

आज पैठण रस्त्यावरील चितेगावसारख्या कारखान्यांच्या गावी नोकरीसाठी येणारा तरुण भाड्याची खोली शोधतो, तेव्हा शेगडी आणि दोन भांडी त्याच्या सामानात असतात. गिरणगावातील गाळ्यात येणाऱ्या कोकणातल्या वा घाटावरच्या कामगाराजवळ बहुधा वळकटी आणि ट्रंक एवढेच असे. एका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेली ही खोली. भाडे वाटून घ्यायचे, पाळ्यांप्रमाणे निजायचे. रात्रपाळीचा माणूस परतला की दिवसपाळीवाल्याची जागा त्याची. पावसाळा नसेल तर पुष्कळ जण गॅलरीत किंवा फुटपाथवर पथारी पसरीत. गाव या खोलीत पंचांसह, देण्याघेण्यासह नांदत असे. चूल तेवढी नसे.

गोवेकरांची कूड हे याच व्यवस्थेचे सख्खे भावंड म्हणावे लागेल. धोबीतलाव, डाबूळ, कावेल, माझगाव या गजबजलेल्या वस्त्यांत एकोणिसाव्या शतकापासून गोव्यातील ख्रिस्ती मंडळींनी गावाच्या नावाने असे क्लब उभे केले. बोटीवर चढण्यापूर्वी खलाशी येथे उतरे. स्वयंपाकी, वादक, नोकरीच्या शोधातील मुले येथेच टेकत. भिंतीलगत पेट्यांची रांग, एका टोकाला वेदी, संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणावयाचा तेर्स आणि पुरुषांनी स्वतः रांधण्यासाठी सामाईक स्वयंपाकघर. कोकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ साली गोव्यात न होता मुंबईत झाला, यामागेही घर सोडून आलेल्या गोवेकरांची ही वस्ती होती.

गाळ्यात चूल नव्हती, म्हणून खाणावळ आली. तीही बहुधा एखाद्या कामगाराच्याच बिऱ्हाडात, दहा बाय दहाच्या खोलीत. घरची बाई पहाटे उठून पंधरा-वीस जणांच्या भाकऱ्या थापी आणि महिनाअखेर पैसे घेई. तिला ‘खाणावळवाली’ म्हणत. कामगार म्हणून तिची मोजदाद कोठेच होत नसे.

मात्र या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता येत नाही. गावाबरोबर गावची जातही या खोल्यांतून आली. दलित कामगाराची खोली निराळी, पंगत निराळी. गिरणीतही विणाईखात्याचे दार त्याला बंद होते, कारण तेथे कांडीचा धागा तोंडाने ओढावा लागे. गाळ्यातील आपलेपणाला हे कुंपण होते, आणि ते चुलीपाशी सर्वांत उंच असे.

संपात ही सारी रचना उघडी पडे. पगार थांबला तरी माणसाला दोन वेळा जेवावे लागतेच, आणि ते उधारीचे जेवण खाणावळवालीच्या माथी पडे. १९७३ च्या अखेरीस सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप बेचाळीस दिवस चालला. त्या काळात या बायकांनी वाण्याकडून चढ्या व्याजावर उसनवारी केली, दागिने गहाण टाकले, पण ताट बंद केले नाही. संपाच्या इतिहासात पुढाऱ्यांची भाषणे सविस्तर येतात; ही उधारी मात्र ओझरती येते. कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी ती हेरली. १९७५ साली चौदा खाणावळवाल्यांना घेऊन त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. आजवर केवळ ‘घरकाम’ समजले गेलेले काम बँकेच्या कागदावर प्रथमच धंदा म्हणून चढले.

१८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. महिने लोटले तशी गाळ्यातील माणसे वळकट्या बांधून गावी परतू लागली. पुष्कळ जण पुन्हा आलेच नाहीत, आणि खाणावळींच्या वह्यांत त्यांच्या नावापुढची बाकी तशीच राहिली.