संयुक्त केमोथेरपी (प्रगत स्तनकर्करोग)

स्तनाचा कर्करोग हाडे, यकृत, फुफ्फुसे किंवा मेंदूपर्यंत पसरल्यावर दोन किंवा अधिक कर्करोगनाशक औषधे एकत्र देण्याची पद्धत. या टप्प्यावर आजार सहसा समूळ जात नाही. आयुष्य वाढवणे आणि त्रास आटोक्यात ठेवणे, एवढेच उद्दिष्ट असते.

एका औषधाला न जुमानणारी पेशी दुसऱ्याच्या तडाख्यात सापडावी आणि दुष्परिणामांचा सगळा भार एकाच अवयवावर पडू नये, हा यामागचा तर्क. १९६९ मध्ये अमेरिकी डॉक्टर रिचर्ड कूपर यांनी पाच औषधांचे मिश्रण वापरून सुमारे ९० टक्के रुग्णांना गुण आल्याचे जाहीर केले. नंतरच्या चाचण्यांत हा आकडा बराच खाली आला, पण वैद्यकविश्वाचे कुतूहल चाळवले ते चाळवलेच. पाचांतली तीन औषधे, सायक्लोफॉस्फामाइड, मेथोट्रेक्सेट आणि फ्लुओरोयुरॅसिल, ‘सीएमएफ’ या नावाने रूढ झाली. गंमत अशी की, त्यांनी खरे नाव कमावले ते आजाराच्या आधीच्या टप्प्यात: मिलानच्या जानी बोनादोन्ना यांनी शस्त्रक्रियेनंतर सीएमएफ दिल्यास आजार कमी उलटतो, हे १९७६ मध्ये दाखवले.

पुढे लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन आले. प्रभावी खरे, पण एकूण मात्रा वाढत गेली की हृदयाच्या स्नायूला इजा करणारे. त्यामागोमाग पॅक्लिटॅक्सेल.

ही दोन्ही एकत्र द्यावीत की एकामागून एक? सातशेहून अधिक रुग्णांवरील अमेरिकी चाचणीचा निष्कर्ष २००३ मध्ये आला. एकत्र दिल्यावर ४७ टक्के रुग्णांच्या गाठी आक्रसल्या, एकेकट्या औषधाने ३६ आणि ३४ टक्के. आयुष्य मात्र वाढले नाही. अपवादही आहेत: २००२ च्या एका चाचणीत डोसेटॅक्सेलला कॅपेसिटाबिनची जोड दिल्यावर मध्यक आयुर्मान ११.५ वरून १४.५ महिन्यांवर गेले, दुष्परिणामही वाढले.

म्हणून आज बहुतेकींना पाळीपाळीने एकेक औषध देतात. यकृत किंवा फुफ्फुसे झपाट्याने निकामी होऊ लागली, तरच मिश्रणाकडे वळतात. हर-२ प्रथिन जास्त असलेल्या गाठींचा हिशेब वेगळा. तिथे केमोबरोबर ट्रास्टुझुमॅब दिल्याने आयुष्य वाढते, हे २००१ मध्ये सिद्ध झाले.

केमोने आजार आटोक्यात आल्यावर स्तनातली मूळ गाठ काढावी का, हा प्रश्न मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने ३५० स्त्रियांच्या चाचणीतून तपासला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेले उत्तर नकारार्थी होते: गाठ काढलेल्यांचे मध्यक आयुर्मान १९.२ महिने, न काढलेल्यांचे २०.५.