ऋण लिहायचं कसं?

आजच्या विषयाचं निमित्त अगदी घरगुती आहे. माझ्या मावशींनी मोबाइलवर एक बिल उघडलं. रकमेच्या जागी होतं -₹३४०. मागच्या खेपेला जास्त पैसे भरले गेले होते, म्हणजे ते ३४० रुपये त्यांचंच येणं होतं. मावशींना पुढची रेघ सजावटीची वाटली आणि त्यांनी आणखी ३४० रुपये भरून टाकले! आता चूक कुणाची? मावशींची म्हणण्याआधी उणे रक्कम लिहिण्याचा इतिहास जरा बघू या.

सुरुवात चीनपासून करू. तिथे आकडेमोड काठ्यांनी व्हायची. 'गणितकलेची नऊ प्रकरणे' या ग्रंथावर लिऊ हुई यांनी इ. स. २६३ मध्ये टीका लिहिली. तीत ते सांगतात, तांबड्या काठ्या धन, काळ्या काठ्या ऋण. आपल्याकडे नेमकं उलटं, लाल आकडा म्हणजे तोटा. चीनच्या शेअर बाजारात मात्र आजही लाल म्हणजे चढलेला भाव. मी या दोन गोष्टींचा थेट संबंध जोडत नाही. मुद्दा एवढाच, की रंगाला स्वतःचा अर्थ नसतो, तो ठरवावा लागतो.

आपल्याकडे ब्रह्मगुप्तांनी इ. स. ६२८ मध्ये 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन, ऋण आणि शून्य यांचे नियम दिले. शब्द बघा, धन म्हणजे संपत्ती, ऋण म्हणजे कर्ज. मराठीत अजूनही गणितातली ऋण संख्या आणि डोक्यावरचं ऋण, दोन्हीला शब्द एकच. पण लिहायचं कसं? पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडलेल्या बख्शाली हस्तलिखितात ऋण संख्येपुढे जी खूण आहे, ती हुबेहूब आपल्या आजच्या अधिकच्या चिन्हासारखी दिसते! बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी 'बीजगणिता'त ऋण संख्येच्या डोक्यावर टिंब द्यायला सांगितलं. नक्कल करणाऱ्याच्या हातून ते टिंब सुटलं, की कर्जाची संपत्ती झालीच म्हणून समजा.

युरोपात आडवी रेघ छापील पुस्तकात आली ती १४८९ मध्ये, लाइपझिगच्या योहानेस विडमान यांच्या व्यापारी अंकगणितात. पण हिशेबाच्या वहीला तिची गरजच नव्हती. लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात द्विनोंदी पद्धत सांगितली, तिच्यात रक्कम कोणत्या बाजूला लिहिली यावरूनच सगळं कळतं. आपल्या वहीखात्यातही तेच, एक बाजू जमा, दुसरी नावे. वहीत दोन बाजूंना जागा असते. मोबाइलच्या पडद्यावर बहुतेक वेळा एकच अरुंद रकाना मिळतो. दुसरी बाजू गेली आणि तिचा सगळा भार त्या एवढ्याशा रेघेवर आला.

१९५९ मध्ये आखल्या गेलेल्या कोबोल भाषेत व्यापारी हिशेबासाठी एक छान सोय होती. रक्कम उणे असली, तरच तिच्या शेवटी 'सीआर' किंवा 'डीबी' ही अक्षरं छापता यायची. पुढे १९६३ च्या आस्की संकेतसंचात जोडरेघ आणि वजाचिन्ह यांना मिळून एकच जागा दिली गेली. युनिकोडमध्ये खरं वजाचिन्ह वेगळं आहे, पण कीबोर्डवर हाताशी असते ती जोडरेघच. ती वापरली, तर कधी कधी रेघ वरच्या ओळीच्या शेवटी राहते आणि आकडा खाली उतरतो. वाचणाऱ्याला बिचाऱ्याला काय कळणार?

आता ब्राउझरमध्येच रक्कम लिहिण्याची सोय असते. भारतीय पद्धत निवडली, की लाख-कोटींचे स्वल्पविराम नीट पडतात. इंग्रजी मांडणीत हिशेबनिसांची पद्धत निवडली, की उणे रक्कम कंसात येते. हिशेबनिसाला कंस लगेच कळतो, इतरांना तो जाता जाता सांगितलेला तपशील वाटतो. लाल रंग काहींना ओळखू येत नाही आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत तो उरतच नाही. आणखी एक गंमत. उणे ०.००४ दोन दशांशांपर्यंत लिहायला सांगितलं, तर पडद्यावर -०.०० येऊ शकतं. देणं एका पैशाचंही नाही, तरी माणूस कर्जदार!

पण समजा, ही सगळी तांत्रिक दुरुस्ती केली. मावशी वाचल्या असत्या का? मला नाही वाटत. बँकेच्या उताऱ्यात उणे म्हणजे आपले पैसे गेले. बिलात उणे म्हणजे समोरच्याकडून आपल्याला येणं. चिन्ह तेच, अर्थ उलटा, कारण प्रत्येक ऋणाला दोन माणसं असतात, देणारा आणि घेणारा. चिन्ह फक्त उणे म्हणतं. कुणाचं, ते सांगत नाही.

वहीत हे काम 'जमा' आणि 'नावे' हे दोन शब्द करायचे. पडद्यावरही ते शब्दांनाच करू द्या. चिन्ह बरोबर ठेवा, आणि शेजारी साध्या मराठीत लिहा, 'तुमचे ३४० रुपये जमा आहेत. काही भरू नका.' एवढी एक ओळ असती, तर मावशींचे पैसे त्यांच्याकडेच राहिले असते.