संगणकीय खेळांतील पंक्तिप्रपंच

पंक्तिप्रपंच हा आपल्याकडे मोठा दोष मानला जातो. एकाच्या पानात तूप वाढावयाचे आणि त्याच्याच शेजारी बसलेल्याला कोरडे ठेवावयाचे, हे यजमानाला शोभत नाही असा जुना दंडक आहे. संगणकावरील खेळांच्या व्यवसायात मात्र गेली तीस-पस्तीस वर्षे हा प्रकार राजरोस चालू आहे. विंडोज वापरणाऱ्याच्या पानात बहुतेक प्रत्येक नवा खेळ प्रथम पडतो. मॅकिंटॉश आणि लिनक्स वापरणारे पानावर बसून वाट पाहतात. कधी दोन वर्षांनी काही येते, कधी चौदा वर्षांनी, आणि पुष्कळदा वाढपी त्या बाजूला फिरकतच नाही. श्रोतेहो, आज या मागल्या पंगतीचा थोडा इतिहास सांगावयाचा आहे.

एका यंत्रासाठी लिहिलेला खेळ दुसऱ्या यंत्रावर का चालू नये, हा प्रश्न साहजिक आहे. मोडीत लिहिलेला कागद केवळ बाळबोध जाणणाऱ्याला वाचता येत नाही. पण तेथे भाषा एकच, वळण तेवढे निराळे. संगणकांमधील भेद याहून खोल असतो. १९९३ च्या सुमारास मॅकिंटॉशमध्ये मोटोरोला कंपनीचा प्रोसेसर असे आणि इतर बहुतेक घरगुती संगणकांत इंटेलच्या जातीचा. दोघांना कळणाऱ्या आज्ञाच वेगळ्या. प्रोसेसर एक असला तरी पडद्यावर चित्र उमटविण्यासाठी, ध्वनी ऐकविण्यासाठी खेळ ज्या कारभाऱ्याला हाक मारतो, तो प्रत्येक यंत्रणेत निराळा असतो. १९९५ साली मायक्रोसॉफ्टने डायरेक्टएक्स नावाचा संच काढला. त्यामुळे विंडोजवर खेळ रचणे सुकर झाले, आणि त्यावर रचलेला खेळ तेथून हलविणे तितकेच दुष्कर झाले.

उपेक्षित यंत्रांची मुळात खेळांची योग्यताच नव्हती, असा एक समज आहे. तो साफ चुकीचा आहे. ‘मिस्ट’ हा निर्जन बेटावरील कोड्यांचा खेळ रँड व रॉबिन मिलर या बंधूंनी मॅकिंटॉशवर, हायपरकार्ड नामक साधनाच्या आधाराने रचला आणि सप्टेंबर १९९३ मध्ये तो प्रथम मॅकिंटॉशवरच निघाला. विंडोजवाल्यांना तो पुढल्या वर्षी मिळाला. १९९३ च्याच डिसेंबरात ज्याने जगभर खळबळ उडविली, त्या ‘डूम’ची कथा तर अधिक चमत्कारिक आहे. टेक्सासमधील इड सॉफ्टवेअरच्या मंडळींनी तो तयार केला स्टीव्ह जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीच्या संगणकांवर. बाजारात आला तो मात्र डॉसवर चालणारा खेळ म्हणून. पुढे १९९६ च्या अखेरीस ॲपलने नेक्स्ट विकत घेण्याचे जाहीर केले आणि तिच्याच यंत्रणेच्या पायावर मॅकची आजची इमारत उभी राहिली. म्हणजे ज्या घराण्याला खेळ वर्ज्य असे लोक म्हणतात, त्याच घराण्याच्या माजघरात हा पदार्थ शिजला होता!

मॅकच्या चाहत्यांच्या जिव्हारी लागलेला घाव मात्र ‘हेलो’चा. शिकागोची बंजी ही कंपनी मॅकवाल्यांना आपल्या घरची वाटे; १९९४ चा तिचा ‘मॅरेथॉन’ हा खास मॅकिंटॉशचा खेळ होता. जुलै १९९९ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड मेळाव्यात जॉब्स यांनी स्वतः व्यासपीठावरून ‘हेलो’ची पहिली झलक दाखविली. वर्ष पुरे होण्याआत, जून २००० मध्ये, मायक्रोसॉफ्टने बंजीच विकत घेतली. ‘हेलो’ नोव्हेंबर २००१ मध्ये एक्सबॉक्स या नव्या खेळयंत्राबरोबर अवतरला. मॅकवर तो आला डिसेंबर २००३ मध्ये, आणि ‘हेलो २’ तर कधी आलाच नाही. वाङ्‌निश्चय एकीकडे आणि लग्न दुसरीकडे, अशातली ही गत झाली. ‘हाफ-लाइफ’चेही तेच. १९९८ च्या या खेळाची मॅक आवृत्ती १९९९ साली जाहीर झाली, बरीचशी तयारही झाली, आणि त्याच वर्षी रद्द करण्यात आली.

लिनक्सवाल्यांनी नुसते हळहळत बसण्याऐवजी हातपाय हलविले. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात लोकी नावाची कंपनी निघाली. इतरांचे खेळ रीतसर परवानगीने लिनक्सवर आणावयाचे, हा तिचा उद्योग. ‘क्वेक ३’, ‘सिमसिटी ३०००’ यांसारखे सुमारे वीस खेळ तिने आणले, आणि जानेवारी २००२ मध्ये ती बंद पडली. गिऱ्हाईक थोडे, त्यातून पुष्कळांनी विंडोजची प्रत आधीच घेतलेली. दुकान चालावे कसे? तथापि तिच्या एका कार्यकर्त्याने, सॅम लँटिंगा यांनी, रचलेले एसडीएल हे साधन मागे उरले. ज्या कंपन्यांना लोकीचे नावही ठाऊक नसेल त्यांच्याही खेळांत ते आज काम करीत आहे.

व्यापाऱ्यांना सरसकट दोष देणेही न्याय्य नाही. खेळ नाहीत म्हणून खेळाडू नाहीत, आणि खेळाडू नाहीत म्हणून खेळ नाहीत. बीज आधी की वृक्ष आधी, असा हा वाद आहे. २०२३ साली व्हॉल्व्ह कंपनीने ‘काउंटर-स्ट्राइक २’ काढताना मॅकला वगळले. जुनी चित्रप्रणाली, ३२ बिटी यंत्रणा आणि मॅक असे तिन्ही मिळून खेळणारे एक टक्क्याहूनही कमी भरतात, असा हिशेब तिने दिला. या हिशेबापुढे बोलावयाचे काय?

परंतु याच व्हॉल्व्हने लिनक्सच्या बाबतीत निराळी वाट धरली. लिनक्सच्या बळावर नवी खेळयंत्रे विकण्याचा तिचा २०१५ चा प्रयत्न फसला. मग तिने १९९३ पासून स्वयंसेवक मंडळी घडवीत असलेल्या ‘वाइन’ या प्रणालीला हाताशी धरले. वाइन म्हणजे दुभाषी. खेळ विंडोजच्या कारभाऱ्याला हाक मारतो, हा दुभाषी ती झेलतो आणि लिनक्सकडून काम करवून घेतो; खेळाला पत्ताही लागत नाही. त्यावर आधारलेला ‘प्रोटॉन’ ऑगस्ट २०१८ मध्ये आला आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच बळावर हातात धरून खेळावयाचा स्टीम डेक निघाला. विंडोजसाठी लिहिलेले हजारो खेळ त्यावर चालतात.

काही कट्टर मंडळींना हा दुभाषी रुचत नाही. खेळ आमच्याच भाषेत रचला जावा, असा त्यांचा आग्रह. मला तो पटत नाही. ‘हाफ-लाइफ’ मॅकच्या स्वतःच्या भाषेत अखेर जानेवारी २०१३ मध्ये आला, म्हणजे मूळ खेळानंतर चौदा वर्षांनी. ऑक्टोबर २०१९ मध्ये ॲपलने कॅटलिना ही यंत्रणा काढून ३२ बिटी प्रणाली चालविणेच थांबविले, आणि इतर असंख्य जुन्या खेळांबरोबर हाही निकामी झाला. चौदा वर्षे वाट पाहून जेमतेम पावणेसात वर्षांचा सहवास! पैसे मोजून घेतलेली वस्तू, यंत्रणा अद्ययावत केली म्हणून नाहीशी झाली. स्वभाषेतील आवृत्तीला पुढे कोणी वाली नसेल तर ती अशी अनाथ होते. दुभाष्याला सांभाळणारे मात्र अनेक असतात. ॲपलनेही जून २०२३ मध्ये खेळ आणणाऱ्या कारागिरांसाठी याच धर्तीचा संच खुला केला, तो वाइनच्याच आधारावर.

दुभाष्याचे हात जेथे टेकतात असे एक दार अजून आहे. जाळ्यावरून अनेकांनी मिळून खेळावयाच्या खेळांत लबाडी पकडणारे पहारेकरी बसविलेले असतात, आणि त्यांतील कित्येकांना लिनक्सवरून आलेला प्रामाणिक खेळाडूही परका वाटतो. ‘एपेक्स लेजेंड्स’ने २०२४ च्या अखेरीस लिनक्सवाल्यांना बाहेर काढले. त्याआधी, २०२२ मध्ये स्टीम डेक निघाल्यावर, ‘डेस्टिनी २’ या खेळाच्या चालकांनी तर आमची यंत्रणा चुकवून त्यावर खेळू पाहणाऱ्यावर बंदी येईल, अशी ताकीदच दिली. हे चालक म्हणजे एके काळी मॅकवाल्यांना आपल्या घरची वाटणारी तीच बंजी होय.